लहान नंबर आधी

होर्ताच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
आमचा सर्व्हर आहे. त्याला खिडकी नाही, मला आहे.
खिडकीत समोरच्या बेटाचा डोंगर,
बहुतेक दिवस मानेपर्यंत ढगात.

पहाटे साडेपाचला तीन बेटांवरचे पडदे उजळतात:
मदालेना, लाजेश, वेलास, काल्येता, आणि हे आमचं.
लिलावात भाव वरून खाली उतरत येतो,
आणि ज्याला आधी धीर धरवत नाही
त्याची पेटी.

नऊ वर्षं ही पाचही बंदरं एकाच कनेक्शनवरून बोलत होती.
माझंच काम. जावा नवी शिकलेली, घाई होती,
उघडायला वेळ लागतो म्हणून एक उघडून ठेवलं
आणि सगळ्यांच्या हाती तेच दिलं.
चाललं, कारण माणसं हळू होती.

मग एका मंगळवारी बेल्मिरो मदालेनात अर्ध्यावर होता:
खात्यातून पैसे निघाले होते,
पेटी अजून नावावर चढायची होती.
त्याच क्षणी पलीकडे वेलासला फिलोमेनानं कमिट केलं,
स्वतःचं, बारा किलो बांगडा.
सर्व्हरनं तिच्या सहीखाली
बेल्मिरोचं अर्धं वाक्यही पक्कं करून टाकलं,
आणि बेल्मिरोची लाइन तुटली.

ट्यूना दुपारपर्यंत धक्क्यावर पडून होता,
डोळे उघडे, कुणाचाच नाही.
बेल्मिरोचा फोन: "देओलिंदा, मी नक्की काय विकत घेतलं?"
मी म्हटलं, "तू नुसतं 'दिले' विकत घेतलंस.
'घेतला' यायचं राहिलं."
तो हसला नाही.

दोन रात्री बसून मी प्रत्येकाला आपापलं कनेक्शन दिलं.
वीसांचा साठा. घे, वापर, परत ठेव.
चुकलास, पडलास, मध्येच वीज गेली, तरी परत ठेव.
जावात त्यासाठी एक शब्द आहे, फायनली,
वर काहीही घडो, तो आपलं काम करूनच जातो.
माझ्या ओळखीत असं वागणारं दुसरं कुणी नाही.

शुक्रवारी सगळं गोठलं.

बेल्मिरोच्या धाग्यानं खातं धरलं होतं आणि पेटी हवी होती.
काट्यावरच्या फाउश्तोला त्याच पेटीचं वजन सुधारायचं होतं,
त्यानं पेटी धरली होती, आणि फरक परत करायला
तेच खातं हवं होतं.
दोघंही सभ्य. कुणी हिसकावत नाही,
कुणी सोडत नाही.

माझ्या दोन मामांचं असंच आहे.
आजोबा गेल्यावर एकाकडे होडी आली, एकाकडे इंजिन.
बावीस वर्षं होडी उतारावर पालथी,
इंजिन गोठ्यात, पोत्याखाली,
आणि दोघं म्हणतात, तो आला तर मी कुठं नाही म्हणतोय.

डेटाबेस इतका वेळ थांबत नाही.
तो दोघांतला एक निवडतो आणि मागे फिरवतो,
जणू तो काही मागायला आलाच नव्हता.
फाउश्तोला लाल अक्षरं दिसली. त्यानं मला शिवी दिली,
पुन्हा बटण दाबलं, काम झालं.

पण रोज कुणाला तरी बळी द्यायचं मला पटेना.
म्हणून नियम केला: प्रत्येक कुलपाला नंबर,
काम कुठलंही असो, लहान नंबर आधी.
न्याय्य आहे म्हणून नाही,
दोघांना ठाऊक आहे म्हणून.

काल एकशे चौदा व्यवहार. अडकले शून्य.
जेवताना मी हे अनाक्लेतोमामाला सांगितलं.
तो म्हणाला, "लहान तर तो आहे."
"वय नाही मामा, नंबर."
त्यानं पावाचा तुकडा रश्शात बराच वेळ बुडवून ठेवला.
"इंजिनावर आहे नंबर. होडीवरही होता.
गंज आणि शेवाळ, आता वाचता येत नाही."

आज रविवार, सर्व्हर निवांत.
मामा दारात उभा, घासकागद आहे का विचारत.
दिला. कशाला ते विचारलं नाही.